नंबर आईचा, फोन मुलाचा

ज्या घरांत १९८०-९० च्या दशकांतल्या लग्नपत्रिका अजून जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्या एकदा काढून पाहाव्यात. निमंत्रकांच्या पत्त्याखाली दूरध्वनी क्रमांक छापलेला असे आणि त्याच्यापुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरे. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. फोन आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा. पण निरोप पोचेल. मुंबईतला चाकरमानी एसटीडी बूथवर रांग लावून रत्नागिरीचा ०२३५२ हा कोड फिरवी, 'दहा मिनिटांनी पुन्हा करतो, तेवढ्यात आमच्या आईला बोलवा' एवढे सांगून ठेवून देई, आणि वाडीतले एखादे पोर धावत सुटे. एका फोनवर अख्खी वाडी नांदत होती.

आज हे गणित पुरते उलटले आहे. एका वाडीला एक नंबर होता, आता एका माणसाला दोन नंबर असतात. एक घरचा, एक धंद्याचा. एक गावात रेंज देणारा, एक मुंबईत स्वस्त पडणारा. आणि आता तर दुसऱ्या नंबरासाठी नखाएवढे कार्डही फोनमध्ये सरकवावे लागत नाही. कंपनीकडून आलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर फोनचा कॅमेरा धरायचा, दोन-तीन वेळा 'होय' म्हणायचे, आणि नवा नंबर फोनमध्ये येऊन बसतो. याला ई-सिम म्हणतात. न दिसणारे, हाताला न लागणारे सिमकार्ड.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण जी वस्तू हाताला लागत नाही ती कुणाच्या हातात आहे हेही चटकन कळत नाही. म्हणून या सोयीकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा नीट पाहायला हवे.

कार्ड गेले, नंबर राहिला

पहिले सिमकार्ड १९९१ मध्ये जर्मनीतल्या एका कारखान्याने फिनलंडमधल्या दूरध्वनी कंपनीसाठी तयार केले. ते आजच्या बँकेच्या एटीएम कार्डाएवढे होते. पुढे ते लहान होत होत नखाएवढे झाले. कार्डाचे काम मात्र तेच राहिले. त्यावरच्या चकतीत एक गुप्त किल्ली असते. फोन टॉवरशी बोलू लागला की टॉवर विचारतो, 'तू कोण?' आणि ती किल्ली वापरून कार्ड आपली ओळख पटवते. ओळख पटली की कंपनी म्हणते, 'हा अमुक नंबर, याला जोडून द्या.'

ई-सिममध्ये ही चकती फोनच्या आतच कायमची बसवलेली असते. ती कुठल्याही एका कंपनीची नसते. कंपनीची किल्ली इंटरनेटवरून तिच्यात उतरवायची, नको झाली की पुसायची. एका चकतीत अशा अनेक किल्ल्या ठेवता येतात. काही फोनांत आठ किंवा त्याहून अधिक. मात्र एका वेळी जाग्या राहतात त्या सर्वसाधारणपणे दोनच. मोबाईलच्या दुनियेत ही सोय २०१७-१८ पासून आली. भारतात २०१८ पासून खासगी कंपन्यांनी ती देऊ केली, आणि २०२५ मध्ये बीएसएनएलही त्यात उतरली. अमेरिकेत २०२२ पासून काही महागडे फोन कार्डाच्या खाचेशिवायच विकले जाऊ लागले. वारा कुठल्या दिशेला वाहतो आहे, ते यावरून कळते.

रत्नागिरीला दोन नंबर का लागतात?

शहरातल्या माणसाला दोन नंबर ही चैन वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यात ती गरज आहे, आणि तिचे मूळ या जिल्ह्याच्या भूगोलात आणि इतिहासात आहे.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके. डोंगर, खाड्या, सडे आणि घळी. एका कंपनीचा टॉवर सड्यावर आहे, पण वाडी उतारावर. तिथे रेंज दुसऱ्याच कंपनीची. बाजारात एक नंबर लागतो, घरी दुसरा. अमुक फोन कुठे लागतो याचे उत्तर 'फणसाखाली' किंवा 'देवळाच्या पायरीवर' असे देणारी माणसे इथे आजही भेटतात.

दुसरे कारण मुंबई. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांच्या मानाने घटलेली निघाली. १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. दर हजार पुरुषांमागे बायका ११२२. हे आकडे फार काही सांगून जातात. जिल्ह्यातला कर्ता पुरुष बाहेर आहे आणि घर बाईच्या व म्हाताऱ्यांच्या हाती आहे. पूर्वी या दोघांना जोडणारी वस्तू मनीऑर्डर होती, नंतर एसटीडी, नंतर मोबाईल. आणि मोबाईलच्या नकाशात मुंबई हे एक मंडळ व बाकीचा महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. त्यामुळे परळहून रत्नागिरीला आलेला माणूस, पनवेल मागे पडले की, स्वतःच्याच राज्यात परका होई. रोमिंगचे पैसे पडत. २००३ पर्यंत तर येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत. म्हणून गणपतीला येताना खिशात गावचे वेगळे कार्ड ठेवण्याची रीत पडली. खेडजवळ गाडी आली की मागचे झाकण उघडून कार्ड बदलणारे प्रवासी कोकण रेल्वेच्या डब्यात अनेकांनी पाहिले असतील. पुढे दोन कार्डांचे स्वस्त फोन आले आणि २०१६ नंतर रोमिंगचा जाचही संपला. पण दोन नंबरांची सवय राहिली.

तिसरे कारण समुद्रापलीकडचे. या जिल्ह्यातली कितीतरी घरे आखातातल्या नोकरीवर उभी आहेत, कितीतरी मुलगे बोटीवर आहेत. परदेशात गेलेल्या माणसाला तिथला नंबर लागतोच. पण इथल्या बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरावर येतो. एनआरआय खात्यांना ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात यांसह दहा देशांच्या नंबरांवरून यूपीआय वापरू देण्याचा निर्णय २०२३ च्या जानेवारीत झाला, तरी घरखर्चाचे साधे बचत खाते, गॅस, विमा हे सगळे गावच्या नंबरालाच बांधलेले असते. अशा माणसाला एकाच फोनमध्ये इथला आणि तिथला, दोन्ही नंबर जागे ठेवता आले तर त्याचे निम्मे ओझे उतरते. बोटीवरच्या माणसाला बंदरागणिक नवे कार्ड शोधत फिरावे लागत नाही.

आणि चौथे कारण आंबा. हापूसचा बागायतदार आता पेटी थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवू लागला आहे. मार्च ते मे हा नंबर दिवसभर वाजतो. जूनला गप्प होतो. तो घरच्या नंबराहून वेगळा असणे केव्हाही चांगले.

दोन नंबर, कान मात्र एकच

जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टी आधी समजून घेऊ. बहुतेक फोनांत दोन नंबर जागे असले तरी बोलणे एका वेळी एकाच नंबरावर होते. आपण घरच्या नंबरावर मावशीशी बोलत असलो, की तेवढा वेळ धंद्याच्या नंबरावर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' असे ऐकू येते. काही फोनांत यावर तोड आहे, पण ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. ज्याचा आंब्याचा हंगाम पंचाहत्तर दिवसांचा, त्याने हे माहीत करून घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट खर्चाची. दिसत नसले तरी ई-सिम जेवल्याशिवाय राहत नाही. त्याला रिचार्ज लागतोच. ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर मुदत वाढते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या कुणाला देता येतो. म्हणजे आंब्याचा नंबर हंगामापुरता घेतला, त्याला बँक जोडली आणि विसरला, तर पुढच्या वर्षी तो नंबर परक्याच्या खिशात वाजू शकतो. ट्रायने २०२४ च्या डिसेंबरात कंपन्यांना इंटरनेटशिवायचे, नुसते बोलण्याचे व एसएमएसचे रिचार्जही ठेवायला लावले. दुसरा नंबर जिवंत ठेवण्यासाठी दुकानदाराकडे तेच मागावे.

तिसरी गोष्ट कोकणाला सर्वांत जवळची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोली भागात वीज आणि टॉवर झोपवले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. अशा वेळी फोन पाण्यात गेला, तर साधे कार्ड काढून, पुसून, शेजाऱ्याच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालता येते आणि 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे तरी मुंबईला कळवता येते. ई-सिम फोनबरोबर बुडते. ते दुसऱ्या फोनमध्ये आणायला ई-सिम चालणारा फोन हवा, इंटरनेट हवे, आणि कंपनीने ओळख पटवून पुन्हा दिलेली परवानगी हवी. पुराच्या दिवशी या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळायच्या नाहीत. म्हणून आमचे सरळ मत असे, की कोकणातल्या घराने ई-सिम जरूर घ्यावे, पण दुसरा नंबर म्हणून. घरचा पहिला नंबर अजून काही वर्षे तरी हातात धरता येईल अशा कार्डावरच राहू द्यावा. आणि दोन नंबर दोन वेगळ्या कंपन्यांचे असावेत. एकाच टॉवरच्या आधाराने दोन नंबर ठेवणे म्हणजे एकाच दोरीला दोन गाठी मारणे.

चोराची नवी वाट

नंबर म्हणजे पूर्वी फक्त निरोपाचा पत्ता होता. आता तो घराची किल्ली झाला आहे. बँक, आधार, गॅस, पेन्शन, सातबाऱ्याची नक्कल, मुलांचा प्रवेश, सगळीकडे आधी 'मोबाईलवर आलेला आकडा सांगा' असे म्हणतात. साहजिकच चोराला आता तिजोरी नको, नंबर हवा.

ई-सिमला एक गुण इथे आहे. फोन चोरीला गेला तर चोराला कार्ड काढून फेकता येत नाही. पण दुसऱ्या बाजूने एक दार उघडते. कंपनीतून बोलतो असे सांगून फोन येतो. 'तुमचे कार्ड जुने झाले, ई-सिम करून देतो' असे गोड बोलले जाते. एक लिंक येते किंवा एसएमएसला उत्तर द्यायला सांगितले जाते. बिचारा माणूस 'होय' म्हणतो. थोड्याच वेळात त्याच्या फोनची रेंज जाते, कारण त्याचा नंबर चोराच्या फोनमध्ये उतरलेला असतो. पुढचे सगळे ओटीपी तिकडे जातात. केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२५ मध्ये या प्रकाराबद्दल सावध केले होते.

यातले भयंकर असे, की आपल्याकडे रेंज जाण्याचे कुणाला काही वाटतच नाही. 'गेली असेल, येईल' म्हणून माणूस जेवायला बसतो. हीच सवय चोराच्या पथ्यावर पडते. म्हणून घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाठ करावी. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला नाही, असे झाले तर लगेच त्याच्या फोनवरून कंपनीला कळवावे, बँकेला खाते थांबवायला सांगावे आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिऱ्हाइताने केलेल्या लबाडीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली आणि चूक आपली नसेल, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. मात्र स्वतःहून ओटीपी सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान आपल्या पदरी येऊ शकते. घड्याळाकडे पाहूनच वागले पाहिजे.

आईचा नंबर कुणाच्या खिशात?

आता या लेखाच्या मथळ्याकडे येतो. चोराचे भय सगळ्यांना कळते. पण आपल्याच माणसांकडून, प्रेमापोटी जे घडते त्याकडे कुणी पाहत नाही.

कोकणातल्या अनेक घरांत आईच्या बँकखात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. खाते उघडताना आईकडे फोन नव्हता, किंवा 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणून मुलाने आपलाच नंबर लिहिला. आता ई-सिमने याच्याही पुढची सोय केली आहे. आईचा स्वतःचा नंबरही मुलाला आपल्या फोनमध्ये, आपल्या नंबराच्या शेजारी, उतरवून घेता येतो. आईच्या फोनमधले कार्ड त्या क्षणी मुके होते. मुलगा म्हणतो, 'बरं झालं, आता कुणी तिला फसवणार नाही.' खरेच आहे. पण आता तिला कुणी विचारणारही नाही.

विधवा बाईची पेन्शन जमा झाली, हे तिला कळण्याआधी मुंबईत कळते. पैसे काढायचे तर फोन करून विचारायचे, 'आकडा आला का रे?' मुलगा लोकलमध्ये असतो, सून फोन उचलत नाही. बँकेच्या काउंटरवर बाई उभी, मागे रांग. ज्या बाईने तीस वर्षे मनीऑर्डरच्या पावतीवर सही करून घर चालवले, तिला तिच्याच पैशासाठी मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. मनीऑर्डरच्या काळात पोस्टमन निदान दारात येऊन तिच्याच हातात पैसे मोजून देत होता. ही प्रगती म्हणायची, तर कुणाची, हा प्रश्न विचारायला हवा.

मुलांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. म्हातारी माणसे फसतात, हे रोज कानावर येते, काळजी वाटणारच. पण काळजी आणि कब्जा यांच्यात एक पुसट रेघ असते. भावाभावांत जमिनीची वाटणी निघते, आंब्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले यावरून वाद पेटतो, तेव्हा आईचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे ही साधी बाब राहत नाही. आणि कायद्याची बाजूही आहे. ज्याच्या नावावर नंबर, त्याच्या वापराची जबाबदारी त्याच्यावर. एका व्यक्तीच्या नावावर नऊपेक्षा अधिक नंबर चालत नाहीत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ही मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत व पुढे २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरातल्या सगळ्यांचे नंबर एका कर्त्या माणसाच्या नावावर घेण्याची आपली रीत इथे अंगाशी येऊ शकते.

काय करता येईल?

घरच्या पातळीवरचे काम एका रविवारी होण्यासारखे आहे. प्रथम, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते पाहावे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवावे. दुसरे, एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचा नंबर, तो कुणाच्या नावावर, त्याला कोणती बँक जोडलेली आणि रिचार्ज कधी संपतो, एवढे लिहून ठेवावे. तिसरे, बँकेचा नंबर एकच ठेवावा आणि तो दुकानाच्या पाटीवर, आंब्याच्या पेटीवर छापू नये. त्यासाठीच दुसरा नंबर आहे. चौथे, म्हाताऱ्या माणसाचा नंबर त्याच्याच नावावर, त्याच्याच फोनमध्ये, आणि शक्यतो साध्या कार्डावर ठेवावा. काळजीच असेल तर त्या खात्यात मोठी रक्कम न ठेवता ठेवीत ठेवावी, व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी. आईला ओटीपी वाचायला शिकवायला एक दुपार पुरते. ती पुढच्या गणपतीच्या सुट्टीतली असू द्या.

पण सगळे ओझे घरांवर टाकून चालणार नाही. कंपन्यांनी ई-सिम विकताना तालुक्याच्या ठिकाणी ते परत मिळवून देणारा माणूसही बसवला पाहिजे. गुहागरच्या बाईला फोन बिघडला म्हणून दिवसभराची एसटी करून रत्नागिरीला यायला लावणे ही सेवा नव्हे. कार्डावरून ई-सिम करताना नुसत्या एसएमएसच्या 'होय'वर न जाता, साठीपुढच्या ग्राहकाला मराठीत फोन करून, थांबून, विचारले पाहिजे. आणि बँकांनी एका नंबरावर सगळा संसार टांगून ठेवण्याची सवय सोडली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सप्टेंबरात एसएमएसखेरीज ओळख पटवण्याच्या इतर रीतींना वाट करून देणारे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरवली. त्या रीती महाग फोनवाल्यापुरत्या न राहता बटणांच्या फोनवाल्या माणसापर्यंत आल्या, तरच त्यांचा कोकणाला उपयोग.

तंत्र पुढे जाणारच; सिमकार्डाची खाच एक दिवस सगळ्याच फोनांतून जाईल, आणि तिच्यासाठी रडण्याचे कारण नाही. एका फोनमध्ये दोन काय, चार नंबर सुखाने नांदोत. फक्त प्रत्येक नंबरामागचे माणूस जागे असले पाहिजे, आणि त्याच्या नंबराला आलेला निरोप आधी त्याच्याच कानी पडला पाहिजे.